मी सूट मागितली नव्हती

आमचे ओनेझिम तीन दिवस ज्युरीवर बसून आले आणि घरात जेवण अवघड झालं.

एरवी हा माणूस ताटात पडेल ते खाली मान घालून खातो. एकेचाळीस वर्षं खातो आहे. पण कोर्टातून आल्यावर पहिल्याच दिवशी घेवडा-भाताचा घास घेतला, चमचा खाली ठेवला, चष्मा पुसला आणि मला विचारलं, "बेबे, यात मीठ घातलंयस याला पुरावा काय?"

मी म्हटलं, "पुरावा तुमच्या तोंडात आहे. गिळा."

दुसऱ्या दिवशी कोंबडीने अंडं दिलं नाही म्हणून मी तिला चार शब्द सुनावत होते, तर हे ओसरीवरून म्हणाले की दोन्ही बाजू ऐकून घेतल्याशिवाय बोलू नये. तिसऱ्या दिवशी शेजारची अझेली आणि मी कुंपणाशी बोलत होतो. हे मधे येऊन उभे राहिले, हात मागे बांधले, आणि म्हणाले, "हे सगळं ऐकीव आहे. कोर्टात चालायचं नाही." आता अझेली आणि मी तीस वर्षं ऐकीवावरच जगतो आहोत. ते बंद केलं तर कुंपणाला आमचा आणि आम्हाला कुंपणाचा उपयोग काय?

हेही मी सोडून दिलं असतं. पुरुषाला आयुष्यात एकदा कुणी खुर्ची देऊन मत विचारलं, की ते महिनाभर उतरत नाही, हे मला माहीत आहे. पण चौथ्या दिवशी भांडी घासता घासता मी सहज विचारलं, "मला का नाही हो कधी बोलावलं कोर्टाने?"

हे हसले. हसण्यालाही माझी हरकत नसते. पण हे प्रेमाने हसले, लहान मुलीला हसतात तसे. म्हणाले, "अगं, बायकांना सूट आहे. तुम्हाला घर असतं, चूल असते, म्हणून कायद्यानेच मोकळं ठेवलंय. उपकार समज."

"मी मागितली होती सूट?"

"मागावी लागत नाही. बायकांना आपोआप."

माझ्या हातातली कढई तशीच राहिली. लोखंडी कढई पाण्यात तशी ठेवायची नसते, गंजते. ती मी त्या दिवशी ठेवली, यावरून काय ते समजा.

मग मी यांच्याकडून सगळं काढून घेतलं. ज्युरीतून सूट कोणाला मिळते? डॉक्टरला, रोगी असतील तर. औषधवाल्याला. आगीच्या बंबावरच्या माणसांना. मास्तरला. पासष्टी उलटलेल्याला. पण यातल्या प्रत्येकाला टोपी हातात घेऊन कोर्टात जावं लागतं, अर्ज करावा लागतो, की साहेब, मला अमुक अडचण आहे, सोडा. न मागता बाहेर ठेवलेले तिघेच: तुरुंगात जाऊन आलेले, डोक्यावर परिणाम झालेले, आणि आम्ही. माझ्या आजूबाजूला रांगेत कोण उभं आहे ते कळल्यावर मी गप्प बसावं असं जर कुणाला वाटत असेल, तर त्याने मला पाहिलेलं नाही.

"मग एखादीला यायचंच असेल तर?"

"तर मुख्य कारकुनाकडे लेखी द्यायचं, की माझी इच्छा आहे. पण आपल्या जिल्ह्यात आजवर कोणा शहाण्या बाईने दिलेलं नाही."

"शहाण्या बाईला कुणी सांगितलंच नसेल," मी म्हटलं, आणि कढई बाहेर काढून पुसली.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या ओसरीवर जाऊन विचारलं, की ज्युरीवर जायचं कसं. तिथे कायम पाच-सहा पुरुष पत्ते खेळत असतात. त्यांनी पत्ते खाली ठेवले. आमच्या गावात ज्युरी चुकवणं ही कला आहे, आणि ओसरीवर बसलेले सगळे त्यातले उस्ताद. देल्फां कोर्टाच्या पायरीवर पाय ठेवला की बहिरा होतो आणि परतीच्या वाटेवर बरा होतो. एकाने जज्जसाहेबांना सांगितलं होतं की मला माणसाच्या कानांवरून गुन्हेगार ओळखता येतो, आणि साहेबांच्याच कानांकडे बघत राहिला; त्याला अर्ध्या तासात घरी पाठवलं. उर्सेंची सासू ज्युरीपायी चार वेळा वारली. पाचव्या वेळी ती स्वतःच जावयाचा डबा घेऊन कोर्टात आली. एवढी विद्या त्या ओसरीवर होती, पण आत कसं शिरायचं हे एकालाही ठाऊक नव्हतं. बराच विचार करून देल्फां म्हणाला, "मावशी, तू आधी बोलावणं तर येऊ दे. मग त्यातून कसं सुटायचं ते आम्ही बघतो."

मी ठरवलं, आपणच जायचं. ईस्टरच्या आधीचे दिवस होते. चर्चचा पोशाख घातला, टोपी घातली, आणि बसने कोर्टाच्या गावी गेले.

मुख्य कारकून ओदिलों साहेब. एकोणीस वर्षं त्याच खुर्चीत. दर चार वर्षांनी निवडून येतात, कारण त्यांच्याविरुद्ध उभं राहायचा फॉर्म त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. मी म्हटलं, "मला ज्युरीवर बसायचंय. लेखी द्यायला आलेय."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नवऱ्यासाठी सूट हवी आहे का?"

"नवरा बसून आला. आता मला बसायचंय."

त्यांनी एक खण उघडला, दुसरा उघडला, तिसरा. सुटण्याचे छापील फॉर्म सात रंगांचे निघाले. आत येण्याचा एकही नाही. शेवटी म्हणाले, "असा फॉर्मच नाही."

"कायद्यात फॉर्म लिहिलंय की लेखी लिहिलंय?"

त्यांनी जाड पुस्तक काढलं, ओठ हलवत वाचलं. "लेखी."

"मग कागद द्या."

आता इथे सांगायला हवं की माझं शिक्षण तीन हिवाळे. चौथ्या हिवाळ्यात ऊस भरपूर आला आणि मी शेतावर गेले, ती परत आले नाही. मुरंब्याच्या बरण्यांवरची नावं मी लिहिते, दुकानाची यादी लिहिते. बोलायचं म्हणाल तर आमच्या फ्रेंचमध्ये मी कुणालाही ऐकणार नाही. पण कोर्टाचा कागद इंग्रजीत हवा, आणि इंग्रजी माझ्या हाताला बोथट सुईसारखं. जातं पलीकडे, पण टोचत टोचत. पावणेदहाला बसले. माझ्या मागे रांगेत गुरांच्या डागाची नोंद करायला आलेला एक माणूस होता. तो घरी जाऊन जेवून परत आला. लिहिलं ते असं: 'मला ज्युरीवर बसायचं आहे. मी आजारी नाही, वेडी नाही, तुरुंगात गेलेली नाही. घरचं मी बघून घेईन.'

ओदिलों साहेबांनी वाचलं. "ओनेझिमला विचारलंत का?"

"विचारायला कायद्यात सांगितलंय?"

परत पुस्तक. परत ओठ. "नाही."

"मग तुम्ही कायद्याच्या पुढे का चाललाय?"

मागचा गुरांवाला खोकला. साहेब कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, "खाली पूर्ण नाव लिहा. खरं नाव. माहेरचं."

आमच्याकडे कोर्टाच्या कागदावर बाईचं माहेरचंच नाव चालतं, मग लग्नाला कितीही वर्षं होवोत. आणि मी घरातली अकरावी. माझ्यानंतर आईने पाळणा माळ्यावर टाकला, म्हणून मी बेबे, म्हणजे बाळ. एकसष्ट वर्षांची झाले, पाच मुलं झाली, सोळा नातवंडं झाली, गावातला निम्मा पोरवडा माझ्या हाताखाली दरडावून मोठा झाला, तरी बेबेच. लहान मुलं बेबे आजी म्हणतात, मोठी बेबे मावशी. मी लेखणी घट्ट धरली आणि लिहिलं: मारी फिलोनीझ गिद्रो. लिहून झाल्यावर बघत राहिले. मलाच वाटलं, कोण बाई ही?

कागद ठेवायला खण नव्हता. साहेबांनी तो मोकाट गुरांच्या खणात ठेवला. मी बघितलं, पण त्या दिवसापुरतं बोलून झालं होतं.

बातमी माझ्या आधी गावात पोचली. मला वाटलं होतं, बायका तरी खूश होतील. अझेली आठवडाभर कुंपणाशी आलीच नाही. आली तेव्हा हातात कात्री होती, गुलाब छाटायच्या निमित्ताने. म्हणाली, "बेबे, तू तुझं नाव घातलंस, ठीक. पण उद्या सरकारला चटक लागली म्हणजे? आज तू, उद्या मी. माझ्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट होती जी मला कुणी करायला सांगत नव्हतं."

 मला उत्तर सुचलं नाही असा तो त्या वर्षातला एकमेव प्रसंग, म्हणून लिहून ठेवते.

ओनेझिमनी दोन दिवस मनात हिशेब केला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू तिकडे बसलीस, तर माझ्या जेवणाचं?"

"पुरावे गोळा करा," मी म्हटलं. "तुम्हाला येतं आता."

मग मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोर्टात जाऊ लागले. ओदिलों साहेब मला खिडकीतून बघून आतल्या खोलीत जात. मी बाकावर बसून विणकाम करी. शेवटी माणूस किती वेळ आतल्या खोलीत राहणार. पहिल्या खेपेला माझा कागद मोकाट गुरांच्या खणात होता. दुसऱ्या खेपेला हरवला होता, आणि डागवाल्यांच्या वहीत एका तांबड्या गाईच्या पानाला चिकटलेला सापडला. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, "साहेब, मला माझी चिठ्ठी पेटीत पडताना बघायची आहे." त्यांनी पत्र्याची पेटी आणली, किल्लीने उघडली. आत जिल्ह्यातल्या तीनशे पुरुषांच्या चिठ्ठ्या. तिच्यात माझी पडली. आवाज काही झाला नाही. मला उगाच वाटलं होतं, होईल.

जुलैच्या सोमवारी गेले, तर साहेब पहिल्यांदाच स्वतःहून उठून बाहेर आले. टोपी काढली. म्हणाले, "बेबे मावशी, तुमची चिठ्ठी निघाली होती."

"होती म्हणजे?"

"समन्स काढलं. शेरीफच्या माणसाने परत आणून दिलं. शेरा आहे." त्यांनी कागद पुढे केला, पण मला वाचायला लावलं नाही, एवढं त्यांचं चांगलं. "'सदर बाई सापडत नाही. वारली असावी.'"

आता शेरीफचा तो माणूस म्हणजे क्लेबेर. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. बत्तीस वर्षांचा घोडा, दर गुरुवारी माझ्याकडे जेवतो. ज्या हाताने त्याने मला मारलं, त्याच हाताने चार दिवसांपूर्वी माझ्या गंबोच्या रश्शात चमचा बुडवला होता.

गुरुवारी आला. मी वाढलं. दुसरी वाटी संपल्यावर विचारलं, "क्लेबेर, मारी फिलोनीझ गिद्रो कोण रे?"

"ती होय," तो म्हणाला, "फार शोधली मावशी. बायूच्या दोन्ही काठांना फिरलो. कुणाला माहीत नाही. गेली असणार बिचारी."

"कुणी सांगितलं, गेली म्हणून?"

"दुकानाच्या ओसरीवर. ओनेझिम काकांनीच सांगितलं, की गिद्रो सगळे पलीकडच्या काठाचे, आता कुणी उरलं नाही."

मी ओनेझिमकडे बघितलं. ओनेझिम घेवड्याकडे बघत होते.

"तुझ्या आईचं माहेरचं नाव काय, क्लेबेर?"

"गिद्रो." आणि मग चमचा हवेतच राहिला. वेळ लागतो, पण पोचतं त्याच्यापर्यंत. "पण मावशी, तुझं नाव तर बेबे आहे."

"देवाने माणसाला बेबे म्हणून वर बोलावलं तर किती जण उठतील, रे?"

"मग मला आधी सांगायचंस ना."

"बत्तीस वर्षं तू माझ्याकडे जेवतोस, आणि मी तुला ओळखपत्र दाखवायचं?" मी तिसरी वाटी उचलून आत नेली. कायदा हातात घ्यायचा नसतो, वाटी घेतली.

ओनेझिमनी हे जाणूनबुजून केलं की खरंच विसरले, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी विचारलं, "हे ऐकीव नव्हतं का हो? कोर्टात चाललं कसं?" तर म्हणाले, त्यांच्या हातात चांगले पत्ते आले होते, लक्ष नव्हतं. पण कोर्टाच्या कागदावर मी वारले ही बातमी ओसरीवरून निघाली ती थांबेना. शनिवारी बायूच्या, म्हणजे आमच्या संथ ओढ्याच्या, पलीकडून ओझीत नावाची विधवा अंजिराचा केक घेऊन दारात आली. दार मी उघडलं. ती म्हणाली, सहजच आले. मी म्हटलं, ये ना, बस, वारलेय पण चहापाणी अजून माझ्याकडेच आहे. केक चांगला होता. अंजीर जरा कमी पडले होते.

आता जिवंत व्हायचं कसं? ओदिलों साहेबांनी पुस्तक काढलं. मरणाचं पान सापडलं, उलट येण्याचं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं, की बेबे आणि मारी फिलोनीझ एकच, असं शपथेवर सांगणारं माणूस हवं, जिने किंवा ज्याने ते नाव माझ्यासाठी वापरलेलं स्वतःच्या कानांनी ऐकलंय. माझी दहा भावंडं गेली. बाप्तिस्म्याची वही सत्तावीस सालच्या पुरात भिजून वीट झाली आहे. अझेली मला लग्नानंतर भेटली. उरले एकच.

सगळा गाव बघत होता, की हा माणूस जातो का. गेला नाही, तर ज्युरीही टळते आणि गुरुवारचं, रविवारचं, रोजचं जेवणही शाबूत. ओसरीवर पैजा लागल्या, पण त्या कशावर ते मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी हे काळा कोट घालून बसपाशी उभे होते. मी म्हटलं, "कुणी मेलं का?"

"शपथेवर बोलावलंय," हे म्हणाले. "मी ज्युरीवर बसलेला माणूस आहे. शपथ म्हटली की माझा इलाज नाही."

बायबलवर हात ठेवला. ओदिलों साहेबांनी विचारलं, "या बाईचं नाव मारी फिलोनीझ गिद्रो आहे, हे तुम्हाला कशावरून माहीत?"

हे बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं होतं, मारी फिलोनीझ गिद्रो हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का. मी मागे वळून बघितलं, कोण आली म्हणून. मागे कुणी नव्हतं. तेव्हा हीच असणार."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं आणि शिक्का मारला. मी जिवंत झाले.

सप्टेंबरात दुसरं समन्स आलं. क्लेबेर गणवेश घालून, टोपी काखेत धरून, गुरुवार नसताना आला. माझ्याच ओसरीत उभा राहून माझं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "आपण त्याच का?" मी म्हटलं, "मीच ती. पाय पूस."

कोर्टात त्या दिवशी चाळीस माणसं होती, एकोणचाळीस टोप्या गुडघ्यावर आणि एक डोक्यावर. खटला कसला ते सांगते: एका माणसाने दुसऱ्याची सायप्रसच्या लाकडाची होडी चोरली की उसनी नेली. आधी जज्जसाहेब ज्याला त्याला विचारत होते, काही अडचण आहे का. पुरुष एकेक करून उठत होते. देल्फां बहिरा झाला. एकाची पाठ गेली. साहेबांना त्या सगळ्यांचा कंटाळा आला होता, आणि मला बघून त्यांचा चेहरा मऊ झाला. सगळ्या त्रासातला हा एक सोपा, असं त्यांना वाटलं असणार.

"बाई, घरी तुमच्यावर अवलंबून असलेलं कुणी आहे का?"

"नवरा आहे."

"आजारी?"

"नाही. धडधाकट आहे, फक्त पुरुष आहे."

"तुम्हाला जायचं असेल तर मी आनंदाने सोडतो."

"मला जायचं नाही, साहेब."

ते पुढे झुकले. आवाज उतरवला, तरी मागच्या बाकापर्यंत गेला. "बाई, अडचण अशी आहे की ज्युरीच्या खोलीला लागून जे... जी सोय आहे, ती फक्त पुरुषांची आहे. इमारत बांधली तेव्हा कुणी विचार केला नव्हता."

म्हणजे चूल नाही, मुलं नाहीत, नाजूक मन नाही. इतकी वर्षं आम्हा बायकांना न्यायापासून कशाने दूर ठेवलं होतं, तर एका कडीने. मी म्हटलं, "साहेब, आम्ही अकरा भावंडं होतो आणि परसात सोय एकच. दाराशी कुणीतरी उभं राहायचं. इथे शेरीफचा माणूस आहे, तो उभा राहील. माझा भाचाच आहे."

क्लेबेरने छताकडे बघितलं. जज्जसाहेबांनी लिहून घेतलं की तो उभा राहील.

मग वकिलांची पाळी. सरकारी वकिलाने विचारलं, दोन्ही पक्षांपैकी कुणाला ओळखता का. मी म्हटलं, दोघांच्याही आया ओळखते, आणि दोघींनीही पोरांना लाडावलं. समोरच्या वकिलाने विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूने कललेल्या आहात का. मी म्हटलं, "अजून नाही, पण तुम्ही मधे मधे घसा खाकरणं बंद केलंत तर तुमचं ऐकायला बरं पडेल." दोघेही मला काढू शकले असते, पण एकाने काढलं असतं तर दुसऱ्याला वाटलं असतं की ही आपल्या कामाची होती. दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि त्या बघण्यात मी बसले. बारावी.

हात वर करून शपथ घेतली. पूर्ण नावाने.

खटला दीड दिवस चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला आतल्या खोलीत नेलं, दार बाहेरून लावलं. आत काय ठरलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, शपथ आहे. पण कॉफीची शपथ नव्हती, ते सांगते.

खोलीत लांब टेबल, बारा खुर्च्या, आणि कोपऱ्यात शेगडीवर किटली, कॉफीची गाळणी, दळलेल्या कॉफीचा डबा, बारा कप. आम्ही सगळे बसलो. टेबलाच्या टोकाला साखर कारखान्याचे मालक लास्ती; त्यांना सगळ्यांनी प्रमुख केलं, कारण निम्म्यांचा ऊस त्यांच्याकडे जातो. लास्तींनी डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग दहाच्या दहा जणांनी डब्याकडे बघितलं आणि माझ्याकडे.

मी हात टेबलावर ठेवले.

 आमच्याकडे कॉफीशिवाय कुणी अंत्ययात्रेलाही निघत नाही, आणि तीन वाजायला आले होते. लास्तींनी कागद सरळ केले. पुन्हा सरळ केले. एकाने विचारलं, होडीचं वल्हं कोणाचं होतं ते आठवतंय का कुणाला. कुणालाच आठवेना. डोकी चालत नव्हती. शेवटी माझ्या शेजारचा हळूच म्हणाला, "मावशी, कॉफी..."

"मिळाली तर घेईन," मी म्हटलं.

घड्याळ ऐकू येत होतं. चाळीस वर्षांपूर्वी कुणी मला म्हटलं असतं की अकरा मोठमोठे पुरुष एका खोलीत कोंडून, एका डब्याला घाबरून बसतील, तर मी पुरावा मागितला असता. माझं म्हणाल तर हात आपोआप उठत होते. एकेचाळीस वर्षांची खोड. मी ते मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसले.

वीस मिनिटांनी लास्ती उठले. त्यांच्या घरी स्वयंपाकाला बाई आहे. शेगडीकडे ते अनोळखी कुत्र्याकडे जावं तसे गेले. पाणी उकळलं. गाळणीत कॉफी घातली, मोजली नाही. आणि मग सगळं पाणी एकदम ओतलं. आमच्याकडे ते चमचा चमचा घालतात, घड्याळाकडे न बघता; चार वर्षांच्या मुलीला कळतं. खोलीत दोघातिघांनी डोळे मिटून घेतले. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. माझ्या आयुष्यात मी जी काही थोर कामं केली असतील, त्यात हे वरच्या बाजूला धरावं.

लास्तींनी पहिला कप माझ्यापुढे ठेवला. बशी विसरले. सगळे थांबले. मी घोट घेतला, गिळला. बायूचं पाणी पुरात असतं त्या रंगाची होती ती.

"चालेल," मी म्हटलं.

लास्ती खाली बसले. कपाळ पुसलं. कागद पुढे ओढला, लेखणी घेतली, आणि म्हणाले, "मारी फिलोनीझबाई, तुमचं काय मत आहे?"

मी मत सांगितलं. काय सांगितलं ते विचारू नका. पण लास्तींना मधेच उठून दुसरी किटली ठेवावी लागली.